तार षड्जाची घाई नको

'सिझेरियनला पाच महिने झाले. माझी पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ 'सा', पेटीवरची काळी चार. तार षड्ज, वरचा 'सा', लागतो, पण टिकत नाही. आलापात मधेच दम तुटतो. दिवाळी पहाटेचं गाणं स्वीकारलंय. सासूबाई म्हणतात, बाळंतपणानं आवाज जातोच. ताई, माझं गाणं संपलं का?'
– एक गायिका, मिरज

नाही गं, अजिबात नाही.

गरोदरपणात श्वासपटल सुमारे चार सेंटिमीटर वर सरकतं, फासळ्या रुंदावतात, पोटाचे स्नायू ताणून मधोमध विलग होतात. त्यात तुला टाके पडलेत. ज्या स्नायूंवर दमसास उभा असतो, तेच अजून सैल आहेत. खालून आधार नाही म्हणून तू वरच्या स्वरांना गळा आवळत असणार, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. बोलण्याचा आवाजही बाळंतपणानंतर खालच्या सुरात उतरतो. ससेक्स विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात पहिलटकरणींचा आवाज सरासरी १५ हर्ट्झने उतरलेला आढळला, आणि वर्षभरानंतर तो पूर्ववत झाला.

अंगावर पाजतेस ना? त्या काळात इस्ट्रोजेन कमी असतं, त्यानं घशाला कोरड पडते. प्रत्येक पाजण्याआधी पेलाभर पाणी पी. आणि घरात अजून ओवा-बाळंतशोपांची धुरी होत असेल, तर तेवढा वेळ तू दुसऱ्या खोलीत जा. मोठ्यांना वाईट वाटेल, तरी जा. तो धूर गायिकेच्या गळ्याला सोसत नाही. रियाझाला बसताना पोटपट्टाही सोड. तो बांधून पूर्ण श्वास भरताच येत नाही.

सकाळी बाळ झोपलं की पंधरा-वीस मिनिटं खर्ज, म्हणजे खालचे सूर, आणि मध्य सप्तकातले ठहराव, एकेक सूर लांबवून धरणं, एवढंच. तार सप्तक सध्या राहू दे. पोटाच्या व्यायामासाठी बाळंतिणींना शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा, मनानं काही करू नकोस. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू दुर्बिणीनं तपासून घे. थायरॉइडही बघून घे, बाळंतपणानंतर तो बिघडू शकतो. गाताना आवाज एकाएकी बसला, तर त्या क्षणी थांबायचं आणि लगेच तपासायचं.

दिवाळी पहाट सोडू नकोस. पण पूर्ण मैफल नको. एक राग, एक अभंग, आणि पांढरी पाच. अर्ध्या स्वरानं उतरण्यात कमीपणा कसला? तबलजींना पट्टी आत्ताच कळवून ठेव.