क्रॉली लेकचे दगडी खांब: जायचं का, कोणी, आणि कधी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेच्या सुट्टीला सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून निघायचं, घरची साधी सेदान, सोबत सत्तरीतले आई-बाबा आणि आठ वर्षांची लेक. कॅलिफोर्नियातल्या क्रॉली लेकच्या काठचे ते खांब खरंच बघण्यासारखे आहेत, की नुसते फोटोत छान दिसतात?

बघण्यासारखे आहेत. पण आई-बाबांना घेऊन आणि ती गाडी घेऊन थेट खांबांपर्यंत जाऊ नका. त्यांना मोनो लेकला न्या, आणि खांबांची चक्कर तुमच्यापैकी जे धडधाकट आहेत त्यांनी वेगळी करा. आता कारणं सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी ते खांब म्हणजे काय ते. तळ्याच्या पूर्व काठावर, पाण्याला लागून असलेल्या कड्याच्या पायथ्याशी, करडे नि तांबूस खांब ओळीने उभे आहेत. काही वीसेक फूट उंच, काही कललेले, काही अर्धे वाळूत गाडलेले. वरच्या बाजूला ते एकमेकांना मिळून कमानी होतात, त्यामुळे जुन्या लेण्यातल्या ओसरीत आल्यासारखं वाटतं. माणसाने कोरलेलं मात्र त्यात काहीच नाही.

आपल्याकडचे बरेच लोक फोटो पाहून म्हणतात, "हे तर अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखं." तसं नाही. गिल्बर्ट हिल, किंवा क्रॉलीपासून जवळच मॅमथ लेक्सला असलेलं डेव्हिल्स पोस्टपाइल, हे बेसॉल्टचे खांब. लाव्हा थंड होताना आकसतो, तडे जातात आणि पाच-सहा बाजूंचे खांब सुटे होतात. क्रॉलीचे खांब गोल आहेत आणि ते लाव्हाचे नाहीतच, ते राखेचे आहेत.

सुमारे 7 लाख 60 हजार वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. साधारण 600 घन किलोमीटर माल बाहेर पडला आणि मधली जमीन खचून 32 किलोमीटर लांब, 17 किलोमीटर रुंद असा खड्डा झाला, लाँग व्हॅली काल्डेरा. 395 हायवेवरून जाताना तुम्ही त्या खड्ड्यातूनच गाडी चालवत असता, पण तो इतका मोठा आहे की खड्डा आहे हे लक्षातच येत नाही. बाहेर पडलेली गरम राख आणि प्युमिस (भोकाभोकांचा हलका ज्वालामुखी दगड) जिथे साचली तिथे त्याचा खडक झाला, त्याला बिशप टफ म्हणतात.

खांब का झाले याचं उत्तर तसं अलीकडचं. 2015 च्या सुमारास बर्कलीच्या संशोधकांनी या दगडाचे नमुने एक्स-रे आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासले. त्यांनी मांडलं ते असं: राख अजून तापलेली असताना वितळलेल्या बर्फाचं पाणी तिच्यात झिरपलं, खाली जाऊन उकळलं आणि वाफ होऊन वर आलं. पातेल्यात भात शिजत आला की वाफ ठरावीक अंतरावर वाट काढते आणि वर भोकं पडतात, तसंच. खाली जाणारं पाणी आणि वर येणारी वाफ यांचे नळ तयार झाले, नळांच्या आत झिओलाइटसारखी खनिजं राखेच्या कणांमधल्या पोकळीत बसली आणि तेवढा भाग सिमेंट घातल्यासारखा घट्ट झाला. आजूबाजूची राख भुसभुशीतच राहिली. असे जवळजवळ 5,000 खांब त्या परिसरात आहेत, म्हणजे काठावर दिसतात ते थोडेच.

तिथे गेल्यावर बहुतेक जण कमानीखाली फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही एका खांबाजवळ नीट उभे राहून बघा. त्यावर आडव्या चिरा दिसतील, साधारण फूटभर अंतराने, एकावर एक चकत्या रचाव्यात तशा. शेजारच्या खांबावरही तशाच. मग दोन खांबांच्या मधल्या मातीला हलकेच बोट लावा, ती पिठासारखी सुटते. खांबाला लावा, दगड. वीतभर अंतरात केवढा फरक! काठावर प्युमिसचे खडे पडलेले असतात, त्यातला एक लेकीला पाण्यात टाकायला सांगा. तो तरंगतो. तिला या सगळ्या सहलीतलं एवढंच लक्षात राहण्याची शक्यता आहे, आणि तेही पुष्कळ झालं.

मधली माती पिठासारखी आहे म्हणूनच एक सूचना गांभीर्याने घ्या. वरचा कडा सुटा आहे. खांबांच्या मागे ज्या गुहेसारख्या पोकळ्या आहेत तिथे आत शिरून बसायचं नाही, डबा तर तिथे उघडायचाच नाही. खांबांवर चढायचं नाही, नावं कोरायची नाहीत. काही महाभागांनी कोरलेली आहेत, ती बघून चीड येते.

आता जायचं कसं. या सहलीत दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात: पाण्याची पातळी आणि रस्ता. हवामान, हॉटेल, बाकी सगळं नंतर.

क्रॉली हे नैसर्गिक तळं नाही. लॉस एंजेलिसच्या पाणी आणि वीज खात्याने ओवेन्स नदीवर बांधलेल्या लाँग व्हॅली धरणाचा तो जलाशय. बर्फ वितळलं की पाणी चढतं, आणि पातळी वर असली की खांबांचे पाय पाण्यात जातात. मग काठाने चालत जाता येत नाही, कड्यावरून नुसते खांबांचे माथे बघायचे. उन्हाळा सरता सरता पाणी उतरायला लागतं, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. पण ज्या वर्षी शेजारच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत भरपूर बर्फ पडतं त्या वर्षी हा हिशेब चालत नाही. जाण्याच्या आठवड्यातले ताजे फोटो शोधा. दोन वर्षांपूर्वीचा सुंदर फोटो काही कामाचा नाही.

रस्ता: 395 वर टॉम्स प्लेसला ओवेन्स गॉर्ज रोड लागतो, तो धरणाकडे नेतो. धरणाच्या पुढे रस्ता कच्चा होतो आणि मग वाळू, चर, दगड सुरू होतात. उंच, फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी बरीच जवळ जाते. सेदान जिथवर निमूट जाईल तिथे लावायची आणि पुढे चालायचं. शेवटचे दोनेक मैल चालायची तयारी ठेवा, आणि तेवढेच परत. काठाशी उतरणारी पायवाट वाळूची आणि तीव्र उताराची आहे. जाताना घसरत जाता, येताना तीच चढायची असते, 2,000 मीटरपेक्षा जास्त उंचीवर, सावलीचं एक झाड नसताना. गुडघ्यांची तक्रार असलेल्या माणसासाठी हे काम नाही. "हळूहळू जाऊ" म्हणून ते सुटत नाही.

भाड्याची एसयूव्ही घ्यावी असं मनात येईल. घ्या, पण करार वाचा. कच्च्या रस्त्यावर नेली तर विमा लागू नाही असं बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं, आणि वाळूत रुतलेली गाडी तिथून ओढून काढायला येणारा फुकट येत नाही. फोनला रेंज येईल असं धरू नका, नकाशा आधी उतरवून ठेवा. पाणी भरपूर न्या. संडास नाही. उन्हाळ्यात रॅटलस्नेक असतात, झुडपात हात घालायचा नाही.

तिसरा मार्ग पाण्यातून. मासेमारीच्या हंगामात तळ्यावर बोटी भाड्याने मिळतात, स्वतःची कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, असेल तर उत्तम. पाणी चढलेलं असताना कयाकमधून खांबांच्या अगदी जवळ जाता येतं, ते चालत जाण्यापेक्षा सुंदर. अडचण वाऱ्याची. पूर्व सिएरात दुपारनंतर वारा सुटतो आणि तळं खवळतं, त्यामुळे कयाकवाल्यांनी सकाळीच जाऊन परत यायचं. उलट खांबांची तोंडं पश्चिमेला, म्हणजे सकाळी ते सावलीत आणि चांगला उजेड दुपारनंतर. मी तरी फोटोचा मोह सोडतो. उन्हाळ्याच्या शेवटी पाण्यावर हिरवी साय दिसली तर लेकीला पाण्यात उतरू देऊ नका. त्या शैवालासाठी तिथे अधूनमधून इशारे लागतात.

आता आई-बाबांचं. टॉम्स प्लेसपासून उत्तरेला चाळीसेक मैलांवर ली व्हायनिंग गाव आणि मोनो लेक. तिथल्या साउथ टुफाला गाडी अगदी जवळ लागते, थोडं प्रवेश शुल्क आहे, संडास आहे, आणि सगळी वाट मिळून साधारण मैलभर, जवळपास सपाट. काठावर आणि पाण्यात पांढरट, खडबडीत मनोरे उभे. तळ्याच्या तळाशी कॅल्शियमयुक्त झरे फुटतात, तळ्याचं पाणी कार्बोनेटने भरलेलं, दोन्ही मिळाले की चुनखडी साचत जाते, तिलाच टुफा म्हणतात. म्हणजे हे मनोरे पाण्याखालीच वाढतात. पाण्यात बोटं बुडवून बघा, साबणासारखं बुळबुळीत लागतं. खारटपणा समुद्राच्या दुपटीहून जास्त. काठाला काळा पट्टा दिसेल, त्या माश्या. घाबरू नका, पाऊल टाकलं की त्या बाजूला होतात, अंगावर येत नाहीत.

पाण्याखाली वाढलेले मनोरे बाहेर कसे आले? इथे दोन्ही तळ्यांची गोष्ट एक होते, आणि म्हणूनच मी दोन्ही एकाच सहलीत बघा म्हणतो. 1941 साली लॉस एंजेलिसने मोनोला मिळणारे ओढे अडवले आणि ते पाणी डोंगराखालच्या बोगद्यातून ओवेन्स नदीत सोडलं. ती नदी जाते कुठे? क्रॉलीत. त्याच वर्षी क्रॉलीचं धरणही पूर्ण झालं. मोनो आटत गेला, 1982 पर्यंत पातळी सुमारे 45 फूट उतरली आणि मनोरे उघडे पडले. इकडे क्रॉली भरला, लाटा भुसभुशीत कड्यावर आपटत राहिल्या, मऊ राख वाहून गेली आणि खांब उघडे पडले. एकीकडे पाणी गेलं म्हणून दिसलं, दुसरीकडे पाणी आलं म्हणून. मोनोसाठी पुढे लोक कोर्टात गेले, आणि 1994 मध्ये राज्याच्या जलमंडळाने पातळी समुद्रसपाटीपासून 6,392 फुटांवर न्यायची असं ठरवलं. तळं अजून तिथे पोचलेलं नाही. बाबांना पाटबंधारे किंवा कोर्टकचेरी यांत रस असेल तर त्यांना साउथ टुफाच्या वाटेवरच्या जुन्या पातळीच्या पाट्या दाखवा, तासभर विषय पुरेल.

मुक्काम मॅमथ किंवा बिशपला करा, लेबर डेला खोल्या लवकर भरतात. वाटेतला टायोगा पास हा घाट त्या वेळी उघडा असतो, पण तो 3,000 मीटरच्या वर आहे, आई-बाबांना पहिल्या दिवशी डोकं जड वाटू शकतं. त्या दिवशी चालणं ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मोनो, दुपारी आराम. तिसऱ्या दिवशी पहाटे तुमच्यापैकी एकाने लेकीला घेऊन खांब गाठायचे, तेही ती चार मैल कुरकुर न करता चालत असेल तर. बाकीच्यांनी हॉट क्रीक या गरम पाण्याच्या ओढ्याला जावं. काल्डेराच्या पोटातली धग अजून आहे हे तिथे वाफाळत्या पाण्यात वरूनच दिसतं. आत उतरायला 2006 पासून बंदी आहे, कारण पाणी अचानक उकळू लागतं.

आणि हो, लेक विचारणारच, म्हणून सांगून ठेवतो: मोनोचा टुफा तोडायला किंवा उचलून न्यायला कायद्याने मनाई आहे, बारीक तुकडासुद्धा.