‘बघ, हेच ते!’ म्हणणाऱ्या दादाला काय सांगू?

पत्र : ताई, मी २७ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी मला ‘बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार’ (भावना फार तीव्र होणं, पटकन बदलणं, नाती डळमळणं) असल्याचं निदान झालं. विश्वासाने फक्त दादाला सांगितलं, तर त्याने ते सगळ्या भावंडांना सांगून टाकलं. मी रडत, ओरडत जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, ‘बघ, हेच ते! नेटवर लिहिलंय अगदी तसंच.’ आता मी तोंड उघडलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मैत्रीण म्हणते, दादाच नार्सिसिस्ट आहे, म्हणजे फक्त स्वतःचाच विचार करणारा, संबंध तोड. कधीकधी वाटतं, मी नसतेच तर सगळे सुटले असते. — एक धाकटी

उत्तर :

प्रिय धाकटी,

तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. ‘मी नसतेच तर’ हे मला लिहिलंस, अगदी तसंच तुझ्या डॉक्टरांना सांग. पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, आजच फोन कर. स्वतःला इजा करावीशी वाटली तर एकटी राहू नकोस. कुणाला तरी सोबत घे आणि सरळ तातडीच्या विभागात जा. या विकारात आत्महत्येचा धोका खरा असतो. ‘लक्ष वेधून घ्यायला बोलते’ असं कुणी म्हणालं तरी तू बोलायचं थांबवू नकोस.

आता दादा. विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याने तुला न विचारता सगळ्यांना सांगितली. याचा राग कुणालाही आला असता. मला पत्र वाचतानाच आला. तीव्र राग हे या विकाराच्या नऊ निकषांपैकी एक आहे, हे खरं. पण निदानासाठी त्यातले किमान पाच लागतात, आणि तेही वर्षानुवर्षं, आयुष्याच्या वेगवेगळ्या अंगांत दिसावे लागतात. एका संध्याकाळच्या भांडणावरून डॉक्टरही काही ठरवत नाहीत, मग दादाने कसं ठरवलं? तुझ्या रागाला ‘लक्षण’ म्हटलं की त्याला स्वतःच्या चुकीबद्दल एक शब्दही बोलावा लागत नाही. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

एक मात्र प्रेमाने सांगते. आवाज चढला असेल, लागेल असं काही बोलली असशील, तर त्या आवाजाची माफी माग. मुद्द्याची मागू नकोस.

हा शिक्का घरापुरताच त्रास देतो असंही नाही. १९८८ मध्ये लुईस आणि ॲपलबी या दोन संशोधकांनी मनोविकारतज्ज्ञांना एका रुग्णाची हकीकत वाचायला दिली. काहींच्या कागदावर एवढंच जास्तीचं होतं, की या रुग्णाला पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झालेलं आहे. तेवढ्यावरून तोच रुग्ण डॉक्टरांना जास्त त्रासदायक आणि मदतीला कमी पात्र वाटला. शिकलेल्या, अनुभवी डॉक्टरांचं हे झालं, तर नेटवर चार ओळी वाचलेल्या दादाचं काय होणार! त्याला माफ कर असं मी म्हणत नाहीये. तुझ्यातच काहीतरी किळसवाणं आहे असं वाटून घेऊ नकोस, म्हणून सांगितलं.

आणि ‘बॉर्डरलाइन’ म्हणजे वेडाच्या काठावर उभी असलेली बाई नव्हे. १९३८ मध्ये ॲडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकांनी हा शब्द वापरला तो त्या काळच्या दोन आजारगटांच्या मधल्या सीमारेषेसाठी. ती विभागणी मागे पडली, नाव तेवढं चिकटून राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तर व्यक्तिमत्त्व विकारांचे बहुतेक जुने कप्पेच काढून टाकलेत. त्रास किती तीव्र आहे हे आधी बघतात. ‘बॉर्डरलाइन’ तिथे फक्त जोडीचं वर्णन म्हणून उरलंय.

मैत्रीण तुझ्या बाजूने बोलतेय, पण करतेय तेच जे दादाने केलं. नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकार हेही एक निदानच आहे, आणि ज्याला तो असतो त्यालाही उपचार लागतात. स्वार्थी वागणाऱ्या, दुखावणाऱ्या प्रत्येक माणसाला ते नाव दिलं तर तुझ्या निदानाची शिवी झाली तशीच त्याचीही होते. दादाने काय केलं ते तुला नेमकं माहीत आहे, मग तेवढंच म्हण : ‘मी फक्त तुला सांगितलं होतं. तू मला न विचारता सगळ्यांना सांगितलंस. यापुढे माझ्या तब्येतीबद्दल मी सोडून कुणी बोलायचं नाही, आणि भांडणात माझ्या आजाराचं नाव काढायचं नाही.’ काढलंच, तर ‘हे आपण उद्या बोलू’ म्हणून उठून जा. संबंध तोडायचे की नाही, ते यानंतर तो कसा वागतो ते बघून ठरव. आज नको.

उपचार सोडू नकोस. तुझ्या डॉक्टरांना डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटीबद्दल विचार. तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी ही उपचारपद्धती आहे. ती तयार करणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की ऐन तारुण्यात त्या स्वतः मानसिक रुग्णालयात होत्या, स्वतःला इजा करून घेत होत्या. अनेक वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत बहुतेकांची लक्षणं निदानाच्या पातळीखाली उतरलेली दिसली आहेत. नाती आणि काम सावरायला जास्त वेळ लागतो, तो स्वतःला दे.

डॉक्टरांना फोन केलास की मला दोन ओळी लिही. दादाचं नंतर बघू.

तुझी,
ताई