स्कोअर झकास, गेम मात्र अडखळतो

प्रश्न : थ्रीडीमार्क या पीसीची ताकद मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्कोअर चांगला येतो, पण अर्ध्या तासाने गेम अडखळतो. दुसरं कुठलं बेंचमार्क वापरू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : थ्रीडीमार्कमधल्या ‘टाइम स्पाय’ या चाचणीची एक फेरी काही मिनिटांत आटोपते, तेवढ्यात पीसी पुरता तापतच नाही. त्याचीच स्ट्रेस टेस्ट लावा : सलग २० फेऱ्या, फ्रेम रेटची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) स्थिरता ९७ टक्क्यांखाली गेली की नापास. फुकटात भागवायचं तर युनिजिन हेवन ही ग्राफिक्स चाचणी अर्धा तास चालू ठेवा. सिनेबेंच हे बेंचमार्क इथे अपुरं, ते रेंडरिंगचा वेग मोजतं, गेमचा नाही. मग तुमच्याच गेममधला एक प्रसंग फ्रेम रेट नोंदवणारं कॅपफ्रेमएक्स लावून तीनदा खेळा. सरासरीवर भाळू नका, ‘१ टक्का लो’ (सर्वांत संथ एक टक्का फ्रेम्सचा वेग) बघा. आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमान चढताना क्लॉक (कार्डाचा वेग) उतरतोय? मग टेबलाच्या कप्प्यात कोंबलेलं कॅबिनेट आधी बाहेर काढा.