डच साहेब, पुण्याची टीम

प्रश्न : आमचे नवे डच मॅनेजर प्रत्येक बैठकीत ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारतात. टीम म्हणते, साहेबांनाच काही ठाऊक नाही. काय करावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांच्या सत्ता-अंतर निर्देशांकात, म्हणजे साहेब आणि हाताखालची माणसं यांच्यातली दरी लोक किती गृहीत धरतात याच्या मापात (आकडा मोठा, तितकी दरी जास्त), भारत ७७, नेदरलँड्स ३८. (ही देशाची सरासरी, माणसागणिक फरक असतोच.) तिकडे सगळ्यांना विचारणं हेच साहेबाचं काम, इकडे साहेबाने उत्तर द्यावं ही अपेक्षा. भर बैठकीत विचारलं की ज्युनियर सीनियरच्या तोंडाकडे बघतात, आणि साहेब त्या गप्प बसण्याला होकार समजतात. त्यांना सुचवा : प्रश्न आदल्या दिवशी लेखी पाठवा, सुरुवात सर्वांत ज्युनियरपासून करा, शेवटी ‘निर्णय मी घेणार, शुक्रवारी कळवतो’ असं स्पष्ट सांगा. हे वाक्य गाळलं तर बाकीचं फुकट. आडवळणाने मात्र सुचवू नका. डच माणसाला सहसा थेट बोलण्याचं वावगं वाटत नाही.