मेरुरज्जूत 'स्तंभ' नको, 'पट्टा' म्हणा

नागपूरच्या धरमपेठेतली एक फिजिओथेरपीची विद्यार्थिनी गर्भाच्या मेरुरज्जूवर मराठीत टिपण लिहिते आहे. 'मोटर न्यूरॉन कॉलम'साठी, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या मेरुरज्जूतल्या लांब समूहासाठी, तिने 'प्रेरक चेतास्तंभ' असा शब्द केलाय. तो चालेल का, असं तिने विचारलंय.

'प्रेरक चेतापेशी' हा शब्द पक्का, शाळेच्या पुस्तकातलाच. अडचण 'स्तंभ'ची आहे. तक्त्यात किंवा वर्तमानपत्रात स्तंभ म्हणजे कॉलम, हे खरं. पण शरीराविषयी बोलायला लागलं की हा शब्द उलटा फिरतो. मूळ धातूतच थांबणं, ताठणं आहे, म्हणून तर आपण 'स्तंभित' होतो. आयुर्वेदात मन्यास्तंभ म्हणजे मान आखडणं, ऊरुस्तंभ म्हणजे मांड्या जखडणं. त्यांच्या शेजारी 'प्रेरक चेतास्तंभ' ठेवून वाचा. एखाद्या वैद्याला तो लकव्याचाच प्रकार वाटेल. ज्या पेशी स्नायू हलवतात, त्यांच्याच नावात हालचाल बंद पडावी, हे मला फार खुपतं.

'ओळ' आणि 'रांग' सोपे आहेत, पण त्यात एकामागे एक उभं राहणं येतं. इथे तसं नाही. मेरुरज्जूचा आडवा काप पाहिला तर पुढच्या शिंगात, म्हणजे आतल्या करड्या भागाच्या पुढे आलेल्या टोकात, पेशींचे पुंजके दिसतात. एका कापातला पुंजका वरच्या-खालच्या कापांतल्या पुंजक्यांशी जोडत गेलं की लांब पट्टा तयार होतो. 'कापूस पट्टा' म्हणताना आपल्या मनात असतो तसा, दाटीचा आणि लांबवर गेलेला. म्हणून 'प्रेरक चेतापेशींचा पट्टा' म्हणा.

हे पट्टे सगळीकडे सारखे नसतात. काटोलकडे माझ्या आजोळी कपाशीचे काही तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, झाले की तुरीचे दोन तास असायचे, आणि एखाद्या वावरात तूर अर्ध्यातच संपायची. मेरुरज्जूत पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंचा मधला पट्टा वरपासून खालपर्यंत जातो. हातापायांचा बाजूचा पट्टा मात्र फक्त मानेच्या खालच्या भागात आणि कमरेशी असतो, कारण हातपाय तिथूनच फुटतात. श्वासपटलाच्या पेशी मानेच्या 3 ते 5 या खंडांत. कुठल्या उंचीवर कुठला पट्टा, हे हॉक्स जनुकं, म्हणजे शरीराचा कुठला भाग कुठे घडेल ते ठरवणारी जनुकं, ठरवतात. बाजूच्या पट्ट्यातही आतल्या पेशींचे तंतू हातापायांच्या पोटाकडच्या स्नायूंकडे जातात, बाहेरच्यांचे पाठीकडच्या. 'तास' हा शब्द मला अतिशय प्रिय आहे, पण टिपणात वाचणारा घड्याळाकडे बघेल.

आणखी एक. आठव्या आठवड्यापर्यंत 'भ्रूण', पुढे 'गर्भ'. चेतानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मेरुरज्जू घडतात ती नळी, चौथ्या आठवड्याच्या शेवटी मिटते आणि तिच्या पुढच्या अर्ध्यात प्रेरक पेशी जन्मतात. पट्ट्यांची आखणीही भ्रूणातच सुरू होते. तेव्हा मथळ्यात नुसतं 'गर्भाच्या' न लिहिता 'भ्रूण आणि गर्भाच्या' असं लिहा.