घणसोलीत नोकरी, 28 हजार पगार: परवडणारे भाड्याचे घर कसे शोधावे आणि भाड्यासाठी मदत मिळते का?

आपण विचारले आहे की, साताऱ्याहून घणसोलीच्या एका कंपनीत नोकरीसाठी येत आहात, हातात 28 हजार रुपये पडतील, सोबत पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि यंदा इकडेच पदवीला प्रवेश घेणारी धाकटी बहीण असेल. तर ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात परवडेल असे घर कसे मिळवावे आणि भाडे भरण्यासाठी सरकारची काही मदत होते का. मी 2011 साली कराडहून कळव्याला आलो आणि तेव्हापासून पाच भाड्याची घरे बदलली, म्हणून जे स्वतः पाहिले आणि कागदपत्रे वाचून समजले ते सविस्तर लिहितो.

मदतीचे आधी सांगतो, कारण त्या आशेवर अनेक जण ऐपतीबाहेरचे घर ठरवून बसतात. नोकरदार कुटुंबाच्या खात्यात दरमहा घरभाड्याचे पैसे जमा करणारी योजना आपल्याकडे नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा 1 सप्टेंबर 2024 पासून सुरू झाला आणि त्यात परवडणारी भाड्याची घरे हा एक घटक आहे खरा, परंतु ते पैसे घरे उभारण्यासाठी आहेत. व्याज अनुदानाचा घटक घर विकत घेणाऱ्यासाठी आहे. त्यामुळे या योजनेतून भाडे मिळवून देतो असे सांगून कोणी फॉर्मचे पैसे मागितले, तर कृपया एक रुपयाही देऊ नये. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, 2008 साली 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती. ठाण्यात अशी घरे बांधलीही गेली, पण धोकादायक इमारतींतून बाहेर काढलेल्या कुटुंबांना तात्पुरता निवारा देण्यासाठी ती वापरण्यात आली, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला तो रस्ता उपयोगाचा नाही. भाड्याच्या पावतीवर मिळणाऱ्या करसवलतीचेही तसेच आहे. आपल्या पगारावर आयकर लागतच नाही, तर सवलत कशावर मिळणार?

आपल्या बहिणीची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिच्याकडे आपण आधी लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. ती अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातील असेल, पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल आणि शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करूनही तिला जागा मिळाली नसेल, तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे अशा शहरांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला 60,000 रुपये मिळतात. त्यात भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000 धरलेले आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि इतर मागास, भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या योजनांचा लाभ महाविद्यालय असलेल्या शहरातील रहिवाशाला मिळत नाही, तेव्हा घाईघाईने तिच्या आधार कार्डावरचा साताऱ्याचा पत्ता बदलू नये. पुढे तिला नोकरी लागली, तर नोकरदार महिलांच्या वसतिगृहांसाठी केंद्राची सखी निवास योजना आहे; त्यात एका खाटेच्या खोलीचे भाडे पगाराच्या 15 टक्क्यांपेक्षा आणि दोन खाटांच्या खोलीत 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

आता घराकडे वळतो. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गावर ठाण्यानंतर दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे आणि तुर्भे अशी स्थानके आहेत आणि आपली कंपनी या मार्गाच्या मधोमध पडते. म्हणून घोडबंदर रोड किंवा कल्याण-डोंबिवलीकडे भाडे थोडे कमी दिसले तरी रोजचा रिक्षाचा खर्च आणि ठाण्याला गाडी बदलण्याचा वेळ धरून मगच तुलना करावी. मी कळव्याहून रबाळ्याला तीन वर्षे ये-जा केली. कळव्याहून या मार्गावर सरळ गाडी नसल्याने आधी उलट्या दिशेने ठाण्याला जावे लागे, आणि भाड्यात वाचलेले पैसे महिनाअखेरीस रिक्षात गेलेले असत.

या मार्गावर स्वस्तात राहण्याच्या जागा साधारण दोन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार म्हणजे सिडकोने, म्हणजे नवी मुंबई उभारणाऱ्या सरकारी महामंडळाने, वसवलेल्या सेक्टरांतील लहान घरे, कोपरखैरण्याची बैठी घरे आणि माथाडी (हमाल) कामगारांच्या वसाहती. घर लहान असते, अनेकदा मालक खाली आणि भाडेकरू वर अशी रचना असते, पण पाणी, गटारे आणि रस्ते बऱ्यापैकी असतात. दुसरा प्रकार म्हणजे गावठाणातील चाळी आणि 'गरजेपोटी', म्हणजे मूळ गावकऱ्यांनी वाढत्या कुटुंबाची गरज म्हणून परवानगीविना, बांधलेल्या इमारती. येथे भाडे आणि डिपॉझिट दोन्ही कमी असतात, स्थानिक आगरी-कोळी घरमालक शेजारीच राहतात आणि माझा त्यांच्याबद्दलचा अनुभव अत्यंत चांगला आहे. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी घरमालकिणीने पंधरा दिवस आमच्याकडे डबा पाठवला होता. मात्र इमारत अधिकृत आहे का, तिला महापालिकेची नोटीस आली आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. 4 एप्रिल 2013 रोजी शीळ फाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून 74 माणसे गेली. बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायला आलेली होती. मी तेव्हा कळव्यातच राहत होतो आणि त्यानंतर कित्येक रात्री घरातल्या भिंतींच्या भेगा बॅटरी लावून पाहत असे. जुन्या इमारतीत घर घेताना महापालिकेची धोकादायक इमारतींची यादीही तपासावी. ती पावसाळ्याच्या तोंडावर प्रसिद्ध होते आणि त्यातील सी-1 वर्ग म्हणजे तातडीने रिकामी करायची इमारत.

घर पाहायला पत्नीला सोबत न्यावे आणि सकाळी पाणी येण्याच्या वेळेला जावे. संध्याकाळी टाकीच्या पाण्यावर नळ जोरात चालतो आणि खरी स्थिती कळत नाही. भिंतीला नवा रंग दिसला तर कपाटामागे आणि बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर तळहात दाबून धरावा. मी एकदा एप्रिलमध्ये असेच ताजे रंगवलेले घर घेतले आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पलंगामागचा रंग पापुद्र्यांनी सुटून गादीवर पडू लागला. वीज सबमीटरवर, म्हणजे मालकाच्या मुख्य मीटरवरून जोडलेल्या वेगळ्या मीटरवर असेल, तर मालक युनिटला किती दर लावतो ते मूळ बिल पाहून आधीच ठरवून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करार पुरेसा नाही, दलाल काहीही म्हणोत. खर्चही फार नसतो. 11 महिन्यांचे एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क आणि शहरी भागात 1,000 रुपये नोंदणी फी लागते. 12,000 रुपये भाडे आणि 50,000 डिपॉझिट धरल्यास मुद्रांक शुल्क चारशे रुपयांच्या पलीकडे जात नाही. त्यावर एजंट घरी येऊन अंगठे घेण्याचे जे मागतो ते त्याचे स्वतःचे शुल्क होय. याच करारावर गॅसची जोडणी मिळते, आणि उद्या मुलगी आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या) 25 टक्के जागांसाठी पात्र ठरली, तर तेथेही नोंदणीकृत करारच लागतो. मुदत संपल्यावर मात्र नूतनीकरण न करता राहू नये, कारण कलम 24 नुसार मालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. मुदत चालू असताना वाद झाला म्हणून मालकाने पाणी किंवा वीज तोडणेही कायद्याला मान्य नाही.

डिपॉझिटचा धडा मला पैसे मोजून मिळाला. तिसरे घर सोडताना 40,000 पैकी 18,000 रुपये मालकाने रंगकाम आणि मोडतोडीच्या नावाखाली कापून घेतले, आणि घर घेताना ते कसे होते हे दाखवायला माझ्याकडे एकही कागद नव्हता. तेव्हापासून मी चावी घेतानाच प्रत्येक खोलीचे आणि वीजमीटरच्या आकड्याचे फोटो काढून मालकाला पाठवतो, पंखे-दिवे-नळ मोजून त्यांची यादी करारात घालतो आणि डिपॉझिट बँकेतूनच देतो. भाडे नको, एकदम चार-पाच लाख द्या, अशी हेवी डिपॉझिटची मागणीही आपल्याकडे येईल. गावाकडची जमीन किंवा दागिने गहाण टाकून असे पैसे देणारी आणि वर्षानुवर्षे परतीची वाट पाहणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, तेव्हा त्या वाटेला कृपया जाऊ नये.

साताऱ्यात बसून फोनवर फोटो पाहून टोकनही पाठवू नये. पहिले तीन-चार आठवडे आपण एकट्याने घणसोली किंवा रबाळ्यात कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत फक्त एक खाट भाड्याने घेऊन राहावे, कंपनीतील सहकारी, किराणा दुकानदार आणि इमारतींचे वॉचमन यांच्याकडे रिकाम्या घरांची चौकशी करावी, म्हणजे कदाचित एका महिन्याच्या भाड्याएवढी दलालीही वाचेल. आणि करार नोंदवून चावी हातात आल्यावरच कुटुंबाला आणि सामानाच्या टेम्पोला बोलवावे.