प्रतिपालकत्व आणि मुलीचे मानसोपचार

प्रश्न : आम्ही कोथरूडचे पन्नाशीतील दांपत्य आहोत. नैराश्यावर उपचार चालू असलेल्या, बालगृहातील 15 वर्षांच्या मुलीला प्रतिपालक म्हणून (म्हणजे दत्तक न घेता, सांभाळासाठी) घरी ठेवता येईल का?

उत्तर : येईल, मात्र तो निर्णय तुमचा किंवा बालगृहाचा नव्हे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 44 नुसार तो बाल कल्याण समिती घेते. तुम्ही जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करावा. त्यानंतर गृहभेट आणि चौकशी होते, आणि मुलीचे म्हणणेही विचारात घेतले जाते. अमेरिकेत अशा मुलांसाठी खास प्रशिक्षण घेतलेली कुटुंबे असतात व त्यांच्या पाठीशी समुपदेशक असतात. आपल्याकडे उपचार आणि समुपदेशनाची जुळवाजुळव, खेदाने म्हणावे लागते, बहुतांशी कुटुंबालाच करावी लागते. म्हणून मुलगी घरी येण्यापूर्वीच उपचारांची कागदपत्रे, पुढील तपासणीची तारीख आणि शाळेची व्यवस्था लेखी ठरवून घ्यावी. ती ‘बरी दिसते’ म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध थांबवू नये. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, स्वतःच्या थकव्याबद्दलही तेथे निःसंकोच बोलावे.